काठीचा तोल : बिलियर्डपटू विल्सन जोन्स

पावसाळा सरून माल बाजारात येऊ लागला म्हणजे वाशिम, कारंजा, मंगरूळपीर ह्या गावी पूर्वी बैलगाड्यांच्या रांगा लागत. गाडी भरणारा शेतकरी माल किती आहे हे जितके पाही, तितकेच तो कोठे ठेवला आहे हेही पाही. ओझे मागे गेले की गाडी उलार होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचलू लागते. ओझे पुढे आले की तेच जू मानेवर दाबून बसते आणि बैल कोसभरात घामाघूम होतात. वजन दोन्ही वेळी तेवढेच, फरक काय तो जागेचा. ज्या पुरुषाची हकीकत येथे सांगावयाची आहे, त्याचे हत्यार गाडीइतके अवजड नव्हते. ती एक सडपातळ काठी होती, तिचे वजन अर्ध्या किलोच्या आसपास. परंतु गाडी भरणाऱ्यास जो प्रश्न पडतो तोच तिच्या बाबतीतही पडतो, आणि त्या काठीच्या टोकावर ह्या पुरुषाने आपल्या देशासाठी एक मान मिळविला, जो त्यापूर्वी दुसऱ्या कोणीही मिळविला नव्हता.

विल्सन लायोनेल गार्टन-जोन्स हे त्यांचे पूर्ण नाव. क्रीडाजगताने त्यांस विल्सन जोन्स ह्याच नावाने ओळखले. त्यांचा जन्म २ मे १९२२ रोजी पुण्यास एका अँग्लो-इंडियन कुटुंबात झाला, आणि बिशप्स व सेंट व्हिन्सेंट ह्या पुणे लष्करातील दोन शाळांतून त्यांचे शिक्षण झाले. त्या काळचे पुणे लष्कर म्हणजे गोऱ्या पलटणींचे मोठे ठाणे. जेथे पलटण तेथे जिमखाना, जेथे जिमखाना तेथे बिलियर्डचे मेज, असा प्रकार असल्यामुळे शहराच्या इतर पेठांतील मुलांनी ज्या खेळाचे नावही ऐकले नव्हते, तो लष्कर भागातील मुलांच्या कानी सहज पडत असे.

हा खेळ आपल्या बहुतेक विद्यार्थ्यांनी पाहिलेला नसणार, म्हणून त्याचे वर्णन थोडक्यात करतो. बारा फूट लांब व सहा फूट रुंद असे मेज; त्याचा पृष्ठभाग आपल्या पाटीच्याच दगडाचा; त्यावर ताणून बसविलेले हिरवे लोकरी कापड; काठास रबराच्या गाद्या आणि सहा ठिकाणी खिसे. आपल्या परिचयाचे उदाहरण द्यावयाचे तर कॅरमच्या फळीचा हा धिप्पाड वडील भाऊ समजावा. मात्र येथे सोंगटीऐवजी गोल चेंडू आणि बोटाऐवजी काठी. इंग्लिश बिलियर्डमध्ये चेंडू अवघे तीन असतात : दोघा खेळाडूंचा एकेक आणि तिसरा तांबडा. आपल्या चेंडूने उरलेल्या दोघांस स्पर्श केला तर दोन गुण. तांबडा चेंडू खिशात घातला किंवा तांबड्यास लागून आपला चेंडू खिशात गेला तर तीन. प्रतिस्पर्ध्याच्या चेंडूबाबत तेच घडले तर दोन. गुण मिळत राहतील तोवर त्याच खेळाडूने खेळत राहावयाचे. म्हणून कसलेला खेळाडू एकदा मेजाशी आला की शंभर, दोनशे, कधी त्याहूनही अधिक गुणांची मालिका करून मगच बाजूस होतो आणि प्रतिस्पर्ध्यास तोवर खुर्चीवर हात बांधून बसावे लागते. धीराची एवढी परीक्षा दुसऱ्या कोणत्या खेळात होत असेल असे आम्हांस वाटत नाही.

ह्याच मेजावरचा दुसरा खेळ स्नूकर. त्याचा जन्म १८७५ साली जबलपूर येथे लष्करी अधिकाऱ्यांच्या भोजनगृहात झाला आणि त्याचे जनकत्व नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याकडे जाते. (त्याच नावाचे पुढील काळातील इंग्लंडचे मुख्य प्रधान ते हे नव्हेत.) ज्या मध्यप्रांतात जबलपूर होते, त्यालाच पुढे १९०३ साली आपला वऱ्हाड जोडण्यात आला, तेव्हा हा खेळ अगदीच परका मानण्याचे आपणांस कारण नाही. जोन्स दोन्ही खेळांत निष्णात होते. राष्ट्रीय स्नूकरचे अजिंक्यपद त्यांनी प्रथम १९४८ साली आणि बिलियर्डचे १९५० साली मिळविले. स्नूकरमध्ये हा मान त्यांस एकूण पाच वेळा लाभला. बिलियर्डमध्ये १९५० ते १९६६ ह्या सतरा वर्षांत तो बारा वेळा त्यांच्याकडे आला.

आता काठीविषयी. इंग्रजीत तिला क्यू म्हणतात. बिलियर्डची काठी साधारणतः १४५ सेंटिमीटर लांब असते. पुढचा निमुळता भाग अ‍ॅश नावाच्या विलायती झाडाच्या चिवट, सरळ रेषांच्या लाकडाचा, बुंधा अबनुसाचा. हा अबनूस आपल्या रानातील टेंभुर्णीच्याच जातकुळीतला. त्याचे काळेभोर लाकूड इतके भारी की पाण्यात टाकले असता बहुधा बुडते. उलट अ‍ॅशचे लाकूड पाण्यावर तरंगते. पुढे हलके व मागे भारी अशी ही जोडणी शोभेसाठी केलेली नाही. काठी आडवी करून एका बोटावर तोलून पाहावी. ज्या जागी ती कोणत्याच बाजूस न कलता स्थिर राहील तो तिचा गुरुत्वमध्य. चांगल्या काठीत तो बुंध्याच्या टोकापासून सुमारे ४० ते ४५ सेंटिमीटरवर सापडतो. उजव्या हाताने खेळणारा त्याच्या थोडे मागे उजव्या हाताची पकड घेतो. डावा हात मेजावर टेकवून अंगठा व तर्जनी ह्यांमध्ये जी खाच होते तिच्यातून काठी पुढेमागे सरकते. काठीचा बहुतेक भार मागचा हात सोसतो आणि पुढच्या हातावर तिचा थोडासाच दाब पडतो. तो थोडासा दाब असणे मात्र अत्यंत जरूर असते. काठी उलार असेल तर टोक खाचेतून वर उठू पाहते आणि नेमक्या आघाताच्या क्षणी दिशा चुकते. ती फार पुढे जड असेल तर खाचेत घट्ट बसते खरी, परंतु टोकाचे हलकेपण जाते आणि चेंडूला नुसते हुंगल्यासारखे टेकावयाचे असते तेव्हा हात जड पडतो.

इयत्ता नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी ह्याचे एक सोपे गणित करून पाहावे. समजा, काठी ५०० ग्रॅम वजनाची आहे व तिचा गुरुत्वमध्य बुंध्यापासून ४३ सेंटिमीटरवर आहे. बुंध्याच्या अगदी टोकाशी शिशाचे ३० ग्रॅम घातले तर तो सुमारे अडीच सेंटिमीटर मागे सरकेल. तेच ३० ग्रॅम पुढच्या टोकाशी घालता आले असते तर तो जवळजवळ सहा सेंटिमीटर पुढे गेला असता. आणि ते बरोबर गुरुत्वमध्याशीच बसविले तर काठी जड होईल, परंतु तोल केसभरही हलणार नाही. म्हणून जुने कारागीर बुंध्यास भोक पाडून शिसे भरीत तेव्हा त्याचे वजन किती ह्याबरोबरच ते किती आत बसवावे ह्याचाही विचार करीत. कारखान्यात काठीवर वजनाचा आकडा लिहून येतो. तोलाचा आकडा सहसा लिहिलेला नसतो, तो घेणाऱ्याने आपल्या बोटावर पाहावयाचा असतो.

काठी जड असली म्हणजे तडाखा मोठा बसतो, अशी नवशिक्याची समजूत असते. तीही हिशेबाने तपासून पाहू. बिलियर्डचा चेंडू साधारण १४० ग्रॅमचा. ५०० ग्रॅमची काठी त्यावर आदळली तर, टोकावरील चामड्यात होणारा व्यय सोडून देता, चेंडू काठीच्या वेगाच्या सुमारे दीडपट वेगाने निघतो. काठी ५६० ग्रॅमची केली, म्हणजे वजन शेकडा बाराने वाढविले, तरी चेंडूचा वेग शेकडा अडीचच वाढतो. आणि तोही हाताने जड काठी पूर्वीच्याच वेगाने हलविली तर! तेव्हा वजनापासून मिळणारा लाभ थोडा, हे उघड आहे. अमेरिकेतील पूल नावाच्या खेळाचे चेंडू मोठे व अधिक वजनाचे असतात, म्हणून त्या खेळाच्या काठ्या थोड्या जड, जाड टोकाच्या आणि बहुधा मेपलच्या लाकडाच्या असतात. त्यांचाही तोल ह्याच नियमाने ठरतो.

काठीच्या पुढच्या भागाचे हलकेपण आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. चेंडूच्या मध्यावर न मारता थोडे डावीकडे वा उजवीकडे मारले तर त्यास गिरकी मिळते, परंतु त्याबरोबर चेंडू काठीच्या रोखापासून किंचित उलट बाजूस ढळतो. हे ढळणे काठीच्या संपूर्ण वजनावर अवलंबून नसून टोकाजवळच्या थोड्या भागाच्या वजनावर अवलंबून असते, हे विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रयोगांनी स्पष्ट झाले आणि मग कारागीर टोकाकडील भाग मुद्दाम हलके करू लागले. बिलियर्डच्या चेंडूंच्या गतीवर पहिला मोठा गणिती ग्रंथ मात्र १८३५ सालीच फ्रान्समध्ये निघाला होता. त्याचा कर्ता गास्पार-गुस्ताव्ह कोरिओलिस. भूगोलाच्या तासाला वारे वळतात कसे हे शिकताना ज्यांचे नाव मुले पाठ करतात, तेच हे गृहस्थ.

जोन्स ह्यांच्या उमेदीच्या काळी ह्यातले काही थोडेच छापील स्वरूपात खेळाडूंच्या हाती येत असे. तेव्हाच्या खेळाडूने हे सर्व हाताने शिकावयाचे. रोज तास न् तास एकाच मेजाभोवती फिरत राहावयाचे आणि काठी कोठे धरली असता टोक शांत राहते हे बोटांस पटवून द्यावयाचे. एकदा हाताने एखाद्या काठीचा तोल ओळखला म्हणजे खेळाडू ती काठी सहसा बदलीत नाहीत, आणि बदललीच तर कित्येक दिवस ती परक्यासारखी वागते. प्रस्तुत लेखकाने विद्यार्थिदशेत एका जुन्या क्लबात मित्राच्या आग्रहावरून भिंतीवरच्या घोडीतील एक काठी उचलून नशीब अजमावले होते. पहिल्याच फटक्यास टोक वर उडाले, चेंडू जागचा हलला नाही, आणि हिरव्या कापडाच्या काळजीने तेथील वृद्ध नोकराचा चेहरा असा झाला की पुन्हा त्या दालनात पाऊल टाकण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. दोष काठीचा नव्हता, हे सांगणे नकोच.

जोन्स पंचविशीत होते तेव्हा देश स्वतंत्र झाला. त्या सुमारास आणि त्यानंतरच्या वर्षांत त्यांच्या समाजातील अनेक कुटुंबांनी इंग्लंड व ऑस्ट्रेलियाची वाट धरली. रेल्वे, तारखाते ह्यांसारख्या ज्या खात्यांवर ह्या समाजाचा योगक्षेम चाले, तेथील राखीव जागांचे पुढे काय होणार ह्याची चिंता घरोघर होती. शिवाय बिलियर्डचा उत्कृष्ट खेळ, नामांकित मेजे आणि प्रेक्षकवर्ग हे सर्व तेव्हा इंग्लंड-ऑस्ट्रेलियातच होते. उत्तम हात असलेल्या तरुणाने तिकडे जावे ह्यात नवल नव्हते. जोन्स येथेच राहिले. त्यांनी जे खेळले ते भारताच्या नावाने खेळले, आणि हौशी खेळाडू म्हणूनच खेळले. आज क्रीडापटूंच्या हाती जो पैसा आलेला आपण पाहतो, त्याचा मागमूसही त्या काळच्या हौशी बिलियर्डमध्ये नव्हता. लोकांचेही ह्या खेळाकडे लक्ष नसे. क्रिकेटला मैदानभर प्रेक्षक, कुस्तीला गावभर. बिलियर्डला भिंतीलगतच्या बाकांवर बसतील तेवढेच, आणि त्यांनीही खोकला दाबून बसावयाचे.

हौशी बिलियर्डची जागतिक स्पर्धा १९५२ साली कलकत्त्यास भरली होती. तेव्हा अजिंक्यपद इंग्लंडच्या लेस्ली ड्रिफील्ड ह्यांनी नेले. १९५४ साली सिडनी येथे ते ऑस्ट्रेलियाच्या टॉम क्लीअरी ह्यांस मिळाले. ह्या खेळातील सर्वांत मोठे नाव ऑस्ट्रेलियाचेच बॉब मार्शल ह्यांचे. त्यांनी महायुद्धापूर्वी दोनदा व १९५१ साली लंडन येथे पुन्हा हा मान मिळविला होता. थोडक्यात, हे पद त्या वर्षांत इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया ह्यांच्यामध्ये येरझारा घालीत होते, आणि भारतीयाने त्यास हात घालावा ही गोष्ट त्या दोन देशांतील फारच थोड्या जाणकारांच्या मनात आली असेल.

१९५८ साली स्पर्धा पुन्हा कलकत्त्यास आली. त्या काळी ह्या स्पर्धेत एका पराभवाने बाहेर पडण्याची पद्धत नव्हती. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळावयाचे आणि सामना काही तासांचा, घड्याळाच्या हिशेबाने चालावयाचा. वेळ संपली त्या क्षणी ज्याचे गुण अधिक तो विजयी. अशा सामन्यात एखादा चमकदार फटका फारसा उपयोगी पडत नाही. पहिल्या तासात हात जितका स्थिर असतो तितकाच तो शेवटच्या तासात असावा लागतो, आणि काठी सायंकाळी जड झाल्यासारखी वाटू लागली तर गुण गळू लागतात. वरच्या गणितात आपण काठीचा तोल कागदावर मांडला. मात्र चौथ्या तासाला थकलेल्या बाहूखाली तो कसा राहतो, हे कागदावर येत नाही. आमच्या मते जोन्स ह्यांचे सामर्थ्य येथे होते. बारा राष्ट्रीय अजिंक्यपदे ज्याने मिळविली त्याच्या खेळात चकचकाटापेक्षा सातत्य अधिक असणार, हे त्या आकड्यावरूनच समजते. कलकत्त्याच्या त्या स्पर्धेत ड्रिफील्ड ह्यांस दुसरे स्थान मिळाले आणि जागतिक अजिंक्यपद विल्सन जोन्स ह्यांजकडे आले.

ह्या विजयाचे मोल समजण्यास तो काळ आठवावा लागेल. हॉकीच्या संघाने ऑलिंपिकमध्ये १९४८, १९५२ व १९५६ साली सुवर्णपदके आणली होती, परंतु तो अकरा जणांचा पराक्रम. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीस कुस्तीत कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक घरी आणले होते. तथापि एकट्याच्या खेळात जगज्जेता ठरलेला भारतीय १९५८ पर्यंत झाला नव्हता. तो पहिला मान पुण्याच्या ह्या खेळाडूचा. क्रीडेतील पहिल्या विजेत्यांची नावे मुलांस विचारली असता हे नाव क्वचितच ऐकू येते. ह्यात मुलांचा दोष थोडा. आम्ही शिक्षकांनीच ते त्यांस सांगितलेले नसते.

पुढील स्पर्धांत यश लगेच आले नाही. १९६० साली एडिंबरो येथे अजिंक्यपद इंग्लंडच्या हर्बर्ट बीटम ह्यांस मिळाले. १९६२ साली पर्थ येथे मार्शल पुन्हा मैदानात उतरले आणि जोन्स ह्यांस त्यांच्यामागे दुसऱ्या स्थानावर समाधान मानावे लागले. एकदा गेलेले पद परत आणणे हे ते प्रथम मिळविण्यापेक्षा कठीण असते, कारण आता प्रतिस्पर्ध्यांस आपला खेळ ठाऊक झालेला असतो आणि आपले वयही वाढलेले असते. १९६४ साली न्यूझीलंडमध्ये स्पर्धा भरली तेव्हा जोन्स ह्यांचे वय बेचाळीस होते. घरचे मेज नाही, घरची हवा नाही. हवेतील ओलाव्याने लाकूड वाकते, कापडावरचा चेंडू मंद होतो, आणि परदेशी गेलेल्या खेळाडूस सोबत नेलेल्या काठीवाचून ओळखीचे असे काहीच नसते. त्या ठिकाणी त्यांनी जागतिक अजिंक्यपद दुसऱ्यांदा मिळविले. पहिला विजय स्वदेशात झाल्यामुळे ज्यांस शंका घ्यावयाची होती, त्यांस आता जागा उरली नाही.

सरकारने त्यांस अर्जुन पुरस्कार व १९६५ साली पद्मश्री देऊन गौरविले. स्पर्धेचा खेळ थांबविल्यावर ते शिकविण्याकडे वळले. हाताने मिळविलेले ज्ञान दुसऱ्याच्या हातात उतरविणे हे काम खेळण्याहून निराळे आणि, शिक्षकाच्या नात्याने सांगतो, पुष्कळदा अधिक चिकाटीचे असते. काठी थोडी मागे धर, एवढे सांगून भागत नाही; विद्यार्थ्याचा बाहू किती लांब आहे, तो किती वाकतो, कोपराखाली हात लंबकासारखा सरळ लोंबतो की नाही हे पाहून त्या मुलास योग्य अशी जागा शोधावी लागते. एकाच काठीचा तोल दोन मुलांच्या हाती दोन तऱ्हांनी लागतो. १९९६ साली त्यांस द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, तो ह्या कामाबद्दल.

त्यांच्यामागून मुंबईच्या मायकेल फरेरा ह्यांनी १९७७, १९८१ व १९८३ साली हेच जागतिक अजिंक्यपद मिळविले. गीत सेठी १९८५ साली जगज्जेते झाले. मुंबईच्याच ओम अग्रवालांनी १९८४ साली हौशी स्नूकरचे जागतिक अजिंक्यपद भारतात आणले. ज्या पदाकडे १९५८ पूर्वी भारतीयांनी दुरूनच पाहावयाचे असे, ते आता आपल्या खेळाडूंकडे वरचेवर येऊ लागले. हे सर्व पाहण्याइतके आयुष्य जोन्स ह्यांस लाभले. ५ ऑक्टोबर २००३ रोजी वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी मुंबई येथे त्यांचे देहावसान झाले.